बॅरलमध्ये मुरवलेली पाइप तंबाखू : पिंपाची चव नेमकी कोणती?

परभणीकर_पाइप

नमस्कार मंडळी. बोर्बनच्या (अमेरिकी व्हिस्की) रिकाम्या पिंपात मुरवलेली एक पाइप तंबाखू चाखायलोय. ५० ग्रॅमची डबी, फ्लेक कट, म्हणजे दाबलेल्या वडीचे पातळ काप. डबीवर लिहिल्याप्रमाणं मुख्य व्हर्जिनिया आणि बर्ली, थोडी पेरिक आणि चवीपुरती केंटकी (ही सगळी तंबाखूच्या प्रकारांची नावं). झाकण उघडल्याबरोबर वास एकदम भारी: व्हॅनिला, ओलं लाकूड, मागून चिंच-मनुक्यासारखं आंबटगोड, थोडा धूर. पेटवल्यावर मात्र यातलं पहिल्या दोन मिनिटांपुरतंच लागतं. पुढं नुसती गरम वाफ, जिभेचा शेंडा पोळतो, अर्ध्यात पाइप गुरगुरतो आणि तळाला ओला चोथा तसाच राहतो.

निदान करता यावं म्हणून सगळं सांगतो. पाइप ब्रायरचा (झुडपाच्या मुळाच्या गाठीचं लाकूड), बाउलचा म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीचा आतला व्यास १९ मिमी, खोली ३५ मिमी. आधी दोन वर्षं त्यात व्हॅनिला-चेरीच्या सुगंधी तंबाखूच ओढल्या आहेत. फ्लेक डबीतून काढून तसाच दुमडून भरतो. पेटवायला जेट लायटर. वेळ रात्रीच्या जेवणानंतरची, जेवणात बहुधा ठेचा-भाकरी. खोलीत कूलर असतो आणि डबी त्याच्यासमोरच्या टेबलावर, बऱ्याचदा झाकण अर्धवट. बाहेर ४२ अंश.

पिंपाची म्हणून जी चव म्हणतात ती नेमकी कोणती आणि ती कशी पकडायची? दुसरं, जीभ पोळणं कशानं थांबेल? आणि साध्या तंबाखूला घरी लाकडाचा वास मुरवता येतो का?

माळवद

दादा, तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. गुरगुरणं, तळाला ओला चोथा राहणं आणि जीभ पोळणं ही तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची: तंबाखू ओली भरली जायली. डबीतला फ्लेक बहुतेक वेळा १८ ते २० टक्के ओलीचा असतो. डबीत मऊ राहावा, पुढं मुरत राहावा म्हणून तो तसा ठेवतात. ओढायला तो १२ ते १४ टक्क्यांवर आणावा लागतो. ओल जास्त असली की निखारा धरत नाही, तो धरावा म्हणून आपण जोरानं ओढतो, त्यानं पानातलं पाणी वाफ होऊन थेट जिभेवर येतं. फुगलेल्या भाकरीला भोक पडल्यावर बोटाला वाफ बसते ना, तसंच. व्हर्जिनियात साखर भरपूर, त्यामुळं ती गरम ओढली की पोळण्यात आणखी भर घालते.

अंदाजावर जाऊ नका, वजन करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारी काटा ऑनलाइन मिळतो. ३ ग्रॅम फ्लेक मोजा, बोटांनी मोकळा करा, स्टीलच्या ताटलीत पातळ पसरा. १८ टक्क्यांचा माल १३ टक्क्यांवर आणायला ३ ग्रॅममधून साधारण ०.१७ ग्रॅम उडावे लागतात, २० टक्क्यांचा असेल तर ०.२४. म्हणजे काटा २.८३ ते २.७६ च्या दरम्यान आला की भरायची. मे महिन्यात पंख्याखाली दहा-बारा मिनिटांत हे होतं, श्रावणात त्याच तंबाखूला पाऊण तास लागतो. आपल्याकडं घड्याळ लावून वाळवणं म्हणूनच फसतं. उन्हात ठेवू नका, वास आधी उडतो आणि ओल मागून.

हाताची परीक्षा अशी: चिमूट दाबून सोडली की हळूहळू उलगडावी. गोळा तसाच बसून राहिला तर ओली आहे. कुरकुरून चुरा पडला तर हद्दीबाहेर वाळली.

कूलरपुढं उघडी डबी ठेवणं आजच बंद करा. कूलर चालू असला की खोली दमट, वीज गेली की तासाभरात कोरडीठाक. तंबाखू दिवसातून दोन-तीनदा ओल घेते आणि सोडते, आणि सोडताना दर वेळी वास घेऊन जाते. पिंपानं दिलेला भाग सगळ्यात वर, सगळ्यात हलका. जाण्यात पहिला नंबर त्याचाच. रबरी कडा असलेल्या काचेच्या बरणीत भरा आणि घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या जागी ठेवा. जुनं माळवदाचं घर असेल तर आतल्या खोलीतली देवळी उत्तम, तिथं दिवसरात्रीत तापमान फारसं हलत नाही. फ्रिज नको: बाहेर काढल्यावर बरणीला आतून पाणी सुटतं. लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी तर कितीही घासली तरी मेथी-हिंग सोडत नाही.

आता भरण्याचं. दुमडून भरलेला फ्लेक सावकाश जळतो, चवीला छान, पण हात बसलेला नसेल तर हवेची वाट बंद होते. चाखण्यापुरता तो पूर्ण मोकळा करूनच भरा. पहिली चिमूट नुसती सोडायची, दाबायची नाही. दुसरी बोटाच्या वजनानं बसवायची. तिसरी थोडी दाबून, वरून ३ मिमी जागा ठेवून. न पेटवता ओढून बघा, स्ट्रॉनं पाणी ओढताना जेवढा अडथळा लागतो तेवढाच लागावा. अंगठ्यानं दाबल्यावर वरचा थर परत थोडा वर यायला पाहिजे. नाही आला तर रिकामा करून पुन्हा भरा, तसाच पेटवून पुढं सुधारत नसतो.

जेट लायटरनं ब्रायरची कड जळते आणि वरच्या थरातला सगळा नाजूक वास पहिल्या सेकंदातच खलास होतो. काडी वापरा. काडीच्या टोकाचा गंधक भडकून विझू द्या, लाकूड धरल्यावर मगच पाइपपाशी न्या. ज्योत गोल फिरवत चार-पाच हलके घोट घ्या. तंबाखू फुगून वर येईल, तिला दाबणीनं अलगद सपाट करा आणि दुसऱ्यांदा पेटवा. खरी सुरुवात इथून. त्यानंतर मिनिटाला दोन-तीन घोट, तेही गरम चहा बशीतून घेतात तेवढे हलके. बाउल गालाला लावून बघायचा. चटका बसला तर खाली ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा पेटवा. एका बाउलला तीन-चार काड्या लागल्या तर त्यात कमीपणा नाही. ३ ग्रॅमला ४० ते ५० मिनिटं जायला हवीत. तुमचा वीस मिनिटांत संपत असेल तर आच जास्त आहे एवढं नक्की. मधे गुरगुर आलीच तर दांडी न काढता क्लीनर (साफ करायची कापूस गुंडाळलेली तार) आत सारा, दोन सेकंद थांबा, बाहेर काढा. गरम पाइपची दांडी उपसली तर टेननला, म्हणजे तिच्या आत बसणाऱ्या टोकाला, चीर जाते.

ठेच्यानंतर तासभर काहीच चाखू नका. कोमट पाण्यानं चूळ भरा, शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा बिनमिठाचा तुकडा चावा, जीभ कोरी होते. पान-चुना खाल्ला असेल तर त्या दिवशी राहू द्या. चुन्यानं तोंडाची कातडी आधीच सोलवटलेली असते, चव कळत नाही आणि पोळतं दुप्पट.

गोदाकाठ_नांदेड

माळवद यांनी आच आणि ओल नीट सांगितली. मी पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण इथं बहुतेकांची गल्लत होते. तुम्हाला डबीत जे चार वास आले त्यातले निदान दोन पिंपाचे नाहीत.

चिंच-मनुक्याचा आंबटगोड वास पेरिकचा. पेरिक अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात होते. वाळलेलं पान ओलसर करून, शीर काढून, पिळाच्या जुड्या करतात आणि व्हिस्कीच्या जुन्या ओक पिंपांत स्क्रू-जॅकनं दाबून भरतात. दाबानं पानाचा रस सुटतो आणि पान त्याच रसात हवेविना आंबतं. मधेमधे, निदान तीन वेळा, जुड्या बाहेर काढून हवा देतात आणि पुन्हा दाबतात. साधारण वर्षभर हे चालतं. इथंही पिंपच आहे, म्हणून गोंधळ होतो. पण पेरिकचं पिंप म्हणजे दाब सोसणारं भांडं. आंबट फळांचा आणि शिरक्याचा वास आंबवण्याचा आहे, लाकडाचा नव्हे. नाकात मिरपूड चढल्यासारखं होतं तेही तिचंच.

धुराचा वास केंटकीचा. ती पानं बंद कोठारात कठीण लाकडाच्या धुमसत्या आगीवर वाळवतात. हुरडा भाजताना आगटीच्या धुराचा जो वास कपड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो, साधारण त्या जातीचा. पिंप आतून जाळलेलं असतं त्यामुळं त्याचाही थोडा धूर असतो, पण केंटकी असलेल्या मिश्रणात तो वेगळा ओळखू येणं अवघड.

पिंपाकडं काय उरतं ते बघू. अमेरिकी कायद्यानं बोर्बन आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातच ठेवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बोर्बनसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून ती सुमारे २०० लिटरची पिंपं बाहेर विकली जातात आणि त्यातली काही तंबाखूवाल्यांकडे येतात. आतला कोळशाचा थर काही मिलिमीटरचा. त्याच्या पाठीमागं लाकूड नुसतं भाजलेलं, तांबूस असतं. तिथं लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं, काही प्रमाणात लवंगेतलं युजेनॉल असतं, हेमिसेल्युलोजपासून भाजल्या साखरेचे वास येतात आणि ओकचे लॅक्टोन सुक्या खोबऱ्यासारखे लागतात. पिंप रिकामं केलं तरी लाकडात काही लिटर दारू मुरलेली असते. तंबाखू भरली की ती दारू आणि तिच्यात विरघळलेले हे वास हळूहळू पानात उतरतात.

आता दोन मिनिटांचं कोडं सुटतं. दारूतलं अल्कोहोल ७८ अंशांनाच उडतं. पेटवताना त्याची वाफ होते आणि 'व्हिस्कीचा वास' तिथंच संपतो. पुढं व्हिस्की शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. शोधायचं ते सुकं खोबरं, लवंग, भाजल्या साखरेची कड आणि कोरं लाकूड, आणि तेही धुराच्या शेपटीत, घोट सोडल्यानंतर. हे वास निखाऱ्याच्या खाली असलेल्या, अजून न जळलेल्या पानातून तापून वर येतात. निखारा संथ असेल तर ते वेळेत सुटतात. निखारा भडकला तर तेही जळून जातात. सावकाश ओढा असं जे जो-तो सांगतो त्याचं खरं कारण हे आहे.

शेवटी हिरड्यांवर कोरडा तुरटपणा आला तर तो ओकच्या टॅनिनचा समजू नका, टॅनिन धुराबरोबर उडत नाहीत. तो गरम धुराचा परिणाम, म्हणजे पुन्हा आचच.

बाउलच्या तीन भागांत लक्ष कुठं द्यायचं ते सांगतो. पहिल्या भागात व्हर्जिनियाची साखर पुढं असते, पिंप तिच्या मागं झाकलेलं राहतं. मधल्या भागात बर्ली उघडते, आणि पिंप सगळ्यात स्पष्ट तिथंच सापडतं. बर्लीच्या पानात साखर नगण्य आणि पोत स्पंजासारखा, बाहेरचा वास ती व्हर्जिनियापेक्षा जास्त पिते. (पांढरी बर्ली १८६४ मध्ये ओहायोतल्या ब्राउन काउंटीत आढळली. सुगंधी मिश्रणांचा सगळा डोलारा तिच्या या शोषून घेण्याच्या गुणावर उभा आहे.) तिचा स्वतःचा वास भाजल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा असतो, त्यावर खोबरं-लवंग बसलेली कळली की पिंप सापडलं म्हणा. शेवटच्या भागात केंटकी आणि पेरिक सगळं झाकून टाकतात.

चव पकडायची जागा जिभेपेक्षा नाकात जास्त. तोंडात घोट घ्या, ओठ मिटा, त्यातला चिमूटभर धूर नाकातून सोडा, बाकीचा तोंडातून. छातीत मुळीच घ्यायचा नाही. पेरिक असल्यानं पहिल्यांदा नाक झोंबेल, म्हणून अगदी थोडा.

परभणीकर_पाइप

गोदाकाठ भाऊ, चिंच म्हणजे पेरिक हे कळल्यावर बरंच जागेवर आलं. मग व्हॅनिलाचं काय? ती तरी पिंपाची ना? आणि ब्रायर साफ करायला घरात पॉलिशचं स्पिरिट आहे, ते चालेल का?

माळवद

स्पिरिट अजिबात नको! पॉलिशच्या, स्टोव्हच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉलसारखी विषारी भर घातलेली असते आणि ब्रायर ते पिऊन ठेवतो. नंतर तेच धुरातून तोंडात. साधी व्होडका किंवा पांढरी रम घ्या.

व्हॅनिलाचा निकाल तुमचा पाइप लागू देत नाही. दोन वर्षं व्हॅनिला-चेरी ओढलेल्या ब्रायरच्या भिंतीत आणि दांडीत तो वास घर करून बसलेला आहे. त्यात कोणतीही तंबाखू भरा, व्हॅनिला लागणारच. डबीतली व्हॅनिला पिंपाची असेलही, पाइपमधली कुणाची ते सांगता येणार नाही.

साफ करायचं असं. आतला कोळशाचा थर रीमरनं (बाउल आतून खरवडायचं हत्यार) १ मिमीपर्यंत खाली आणा. बाउलमध्ये कापूस सैलसर भरा, दांडीच्या भोकात क्लीनर घालून ठेवा म्हणजे दारू खाली ओघळणार नाही. ड्रॉपरनं कापूस भिजेल एवढीच दारू, साधारण ३ ते ४ मिली. पाइप सरळ उभा ठेवून २४ तास. कापूस तपकिरी होतो, तो काढून नवा. कापूस जवळजवळ पांढरा निघेपर्यंत हेच, बहुधा तीन फेऱ्या. मग चार-पाच दिवस वाळवा. काही जण कापसाऐवजी मीठ वापरतात. ते दांडीच्या भोकात उतरलं तर तिथं ओल धरून लाकूड फुटल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडं कापसाला काय तोटा, मिठाच्या वाटेला जाऊच नका.

एवढं होईपर्यंत मक्याच्या कणसाचा पाइप घ्या. मिझूरीतल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून बनतात, ब्रायरच्या मानानं बरेच स्वस्त पडतात. पहिल्या तीन-चार बाउलना भाजलेल्या कणसाचा गोडसर वास येतो, तेवढे साध्या बर्लीत घालवा. मग तो कोरा. चाखण्यासाठी एक वेगळा ठेवलेलाच बरा, त्यात सुगंधी काही कधीच भरायचं नाही.

वासाची_वही

मी लातूरची, अन्नपदार्थांची चव-तपासणी हे माझं काम. दादा, पाइप न पेटवताही या प्रश्नाचा निम्मा निकाल लागतो, आणि आरोग्याच्या दृष्टीनं तेच चांगलं.

लागणारी वस्तू एकच: तेच मिश्रण, पण पिंपात न ठेवलेलं. बरेच मिश्रणकार साधी आवृत्ती कायम विकतात आणि त्याच मिश्रणाचा थोडा भाग पिंपात ठेवून वेगळा काढतात. तशी जोडी नसेल तर व्हर्जिनिया-बर्ली-पेरिकचं जवळचं साधं मिश्रण घ्या, पण मग फरक पिंपाचाच आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही.

दोन्हींची ओल सारखी करून घ्या, नाहीतर नाक ओलीचाच फरक सांगेल. एकाच बरणीत दोन उघड्या वाट्यांत ठेवू नका, वास एकमेकांत जातात. दोन वेगळ्या बरण्या, दोन्हीत ६२ टक्क्यांची आर्द्रता-पुडी (बरणीतल्या हवेची ओल तेवढीच राखणारी), एक आठवडा. मग तीन सारख्या स्टीलच्या वाट्या घ्या, प्रत्येकीत १ ग्रॅम, वर ताटली झाकण. दोन वाट्यांत एक तंबाखू, तिसरीत दुसरी. मांडणी घरातल्या दुसऱ्यानं करायची, बुडाला खूण करून. तुम्ही डोळे मिटून झाकण सरकवायचं, दोन छोटे हुंगे, आणि वेगळी कोणती ते सांगायचं. दोन हुंग्यांच्या मधे स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. कॉफीच्या बिया लोक सुचवतात, त्यांचा भाजका वास इथं घोटाळा करतो.

असं सहा वेळा करा, दर वेळी मांडणी बदलून, एका दिवसात तीनच. नुसत्या नशिबानं तीनात एकदा बरोबर येतं. सहापैकी चार बरोबर आले तरी ते नशिबाच्या हद्दीत आहे, दहात एकदा तसं होतंच. पाच आले तर फरक खरा. सहापैकी दोन-तीनच आले तर त्या डबीत पिंपाचं काम नाकाला कळण्याइतकं झालेलं नाही किंवा ते उडून गेलं आहे. अशा वेळी डबीवरचं वर्णन वाचून मनात व्हॅनिला आणू नका.

वास लिहून ठेवताना आपल्या स्वयंपाकघरातले शब्द वापरा. 'सुक्या खोबऱ्याची वाटी, तव्यावर भाजण्याआधीची' असं लिहिलं तर सहा महिन्यांनी वाचूनही नाकाला आठवतं. 'छान, गोड, गुळगुळीत' याचा पुढं उपयोग होत नाही. काकवी, गूळ आणि साखरेचा पाक हे तीन वेगळे वास आहेत, ते वेगळेच लिहा.

पिंपाऐवजी वरून दारूचा अर्क फवारलेला माल ओळखायलाही एक खूण आहे. अशा मालात ओल धरायला बऱ्याचदा प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. मे महिन्याच्या हवेत पंख्याखाली दोन तास ठेवूनही तंबाखू मऊ आणि बोटाला चिकट राहिली तर ते आहे असं समजा. साधं पान आपल्या हवेत तेवढ्या वेळात कुरकुरीत होतं.

दात_आणि_हिरडी

चर्चा नेमकी चालली आहे, एक वैद्यकीय बाजू जोडतो. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या त्वचेतून रक्तात जातं. बर्ली, केंटकीसारख्या पानांचा धूर अल्कधर्मी असल्यानं जास्तच. ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका पाइपला आहेच, पिंपात मुरवल्यानं तो कमी होत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन-तीन आठवडे राहिली तर दाखवायला उशीर करू नका. छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय दोन्ही आहेत. सुपारी-गुटख्यानं तोंड कमी उघडत असेल तर पाइपच्या वाटेला जाऊच नये.

उपाशी पोटी ओढल्यावर गरगरणं, दरदरून घाम, उचकी, मळमळ आली तर ती निकोटिनची बाधा. पाइप लगेच खाली ठेवा, बसा, गुळाचा खडा आणि पाणी घ्या. थोड्या वेळात उतरलं नाही, उलट्या थांबेनात किंवा छातीत धडधड राहिली तर डॉक्टरांकडे जा.

जालना_सुतारकाम

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. घरी छोटं पिंप आणून त्यात तंबाखू भरणं आपल्या हवेत टिकत नाही. एक-दोन लिटरचं पिंप उन्हाळ्यात आठवड्यात सुकतं, फळ्यांच्या फटी उघडतात आणि तंबाखूचं पाणी लाकूडच ओढून घेतं. बरणी आणि ओकचे तुकडे हाच मार्ग बरा.

१०० ग्रॅम साधी तंबाखू, अर्धी व्हर्जिनिया, अर्धी बर्ली, वरून काही फवारलेलं नसावं. खायची तंबाखू, जर्दा किंवा विडीचा माल घेऊ नका, कडक असतो आणि पाइपमध्ये तापट जळतो. ओकचे तुकडे १० ग्रॅम, साधारण १ सेंमीचे. घरगुती वाइन करणाऱ्यांसाठी ते ऑनलाइन मिळतात. पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड चालणार नाही, त्याला कीडनाशकाची प्रक्रिया केलेली असू शकते. सागवान-शिसवही नको. सागात तेल असतं आणि त्याचा वास पानावर बसला की निघत नाही.

तुकडे भाजलेले नसतील तर ओटीजीत २०० अंशांवर एक तास भाजा, अधूनमधून हलवत. रंग खारकेसारखा यायला हवा. व्हॅनिला याच भाजण्यात तयार होते, कच्च्या ओकला नुसता भुशाचा वास येतो. काळे होऊ देऊ नका. मग झाकणाच्या बाटलीत २० मिली बोर्बन किंवा जुन्या रममध्ये ४८ तास. महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो आणि वय २५, एवढं लक्षात असू द्या. हातभट्टीची मुळीच वापरू नका, मिथेनॉल असू शकतं. भिजवण्याचं काम स्वयंपाकघरात गॅसजवळ नको.

पुढची पायरी सगळे घाईत उरकतात आणि माल तिथंच बिघडतो. तुकडे बाहेर काढून जाळीवर रात्रभर सुकवायचे. सकाळी टिपकागदावर दाबून बघा, डाग पडला तर अजून एक रात्र. ओले तुकडे तंबाखूला लागले की त्या जागी ओल २० टक्क्यांच्या वर जाते आणि पाच-सहा दिवसांत बुरशी धरते. सुकलेले तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधा. ५०० मिलीच्या काचेच्या बरणीत निम्मी तंबाखू, मधे पुरचुंडी, वर निम्मी. आत छोटा आर्द्रतामापक टाकता आला तर टाका. काटा ६५ टक्क्यांच्या वर गेला तर बरणी अर्धा तास उघडी ठेवा. चौथ्या दिवसापासून हुंगायला सुरुवात करा. बहुधा दोन ते तीन आठवड्यांत लाकूड कळायला लागतं. कळलं की पुरचुंडी लगेच काढा. आणखी येईल म्हणून ठेवली तर तंबाखूचा स्वतःचा वास दबतो आणि नव्या फर्निचरचा वास उरतो. पुरचुंडीशिवाय आणखी दोन आठवडे बरणी बंद ठेवा, वास सगळीकडे सारखा पसरतो.

हंगाम निवडायचा तर दिवाळीनंतरचा. मे महिन्यात खोलीच ४० वर असते, अल्कोहोल झाकणाखाली जमतं आणि वासाचा हलका भाग झाकण उघडताच पळतो.

परभणीकर_पाइप

सगळ्यांचे मनापासून आभार. कणसाचा पाइप मागवलाय, काटाही. एक शेवटचं: आत्ता बरणीत भरताना दोन फ्लेकवर पांढरे बारीक ठिपके दिसायलेत. कूलरच्या ओलीनं बुरशी लागली असेल का? सगळी फेकायची का?

जालना_सुतारकाम

आधी भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. साखरेचे किंवा क्षारांचे स्फटिक असतील तर ते कणीदार चमकतात, पानाला चिकटून बसलेले असतात, बोटानं चोळल्यावर विरघळल्यासारखे नाहीसे होतात. वास आंबटगोड, नेहमीचाच. व्हर्जिनिया जास्त असलेल्या फ्लेकवर असे स्फटिक येतात, चिंतेचं कारण नाही.

बुरशी चमकत नाही. कापसाच्या तंतूसारखी लव पानापासून वर उठलेली दिसते, दोन फ्लेकच्या मधे जाळं धरते, पांढऱ्यावरून हिरवट-करडी होते. वास पावसाळ्यात बंद राहिलेल्या गोणपाटाचा. तशी असेल तर ते दोन फ्लेक झटकून बाकीचे वाचवायला जाऊ नका. बीज दिसण्याआधीच सगळीकडे पसरलेलं असतं आणि ते धुरातून आत जातं. पूर्ण डबी टाका. बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन दिवसभर उन्हात वाळवा, रबरी कडा मात्र नवीच घाला, तिच्या खाचेत बुरशी लपून राहते.

ठिपके कोणते ते ठरेपर्यंत ते दोन फ्लेक वेगळ्या पुडीत ठेवा, बरणीत भरू नका.